सोललेली गोठवलेली कोळंबी: लसूण-बटरसाठी घ्यावी का?

लसूण-बटर कोळंबी गॅसवर आठ मिनिटांत होते. वेळ जातो तो त्याच्या आधी. अर्धा किलो कोळंबीची डोकी मोडायची, सालं काढायची, पाठीला चीर देऊन काळा दोरा ओढायचा, यात सराईत हाताचीही वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि शेवटी हाती लागतो पाव किलोच्या थोडा वर ऐवज. सोललेल्या, दोरा काढलेल्या गोठवलेल्या कोळंबीचं पाकीट म्हणजे खरं तर ही वीस मिनिटं विकत घेणं. ती घेण्यासारखी आहेत का, हा या परीक्षणाचा प्रश्न. इथे कुठल्या एका कंपनीचा माल तोललेला नाही. सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये आणि घरपोच ॲपवर जो माल मिळतो, त्याची जात आणि प्रत यांबद्दल हे लिहिलं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. लसूण-बटरसाठी घ्यावी, खुशाल घ्यावी. कालवण, आमटी, खिचडी यांसाठी घेऊ नये. आणि लसूण-बटरसाठी घेतानाही पाकिटात पाणी किती आहे ते बघून घ्यावी, कारण हा पदार्थ बिघडतो तो पाण्यामुळेच. मसाला, लसूण, बटर यांच्या चुका त्यामानाने किरकोळ.

पाकिटात जवळपास नेहमी वन्नामेई असते. ही मूळची पॅसिफिक किनाऱ्याची पांढरी कोळंबी. भारतात तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि आंध्रच्या तळ्यांमध्ये ती इतकी पसरली की आज शेतीतली कोळंबी म्हटलं की हीच. (अमेरिकेत राहणाऱ्यांनीही पिशवी उलटून बघावी, तिथल्या दुकानांतली बरीचशी कोळंबी भारतातूनच जाते.) चवीला गोडसर, पण सौम्य. आपल्याकडच्या खाडीच्या कोळंबीला जो दर्या असतो, तो हिला नाही. लसूण आणि बटर हे दोघेही दांडगे असल्यामुळे इथे ते खपून जातं. नारळाच्या रसात मात्र उघडं पडतं.

आता पाकिटावरचे आकडे. ३१/४० असं लिहिलं असेल तर एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३१ ते ४० नग. म्हणजे एक नग साधारण ११ ते १४ ग्रॅमचा. आकडा जितका लहान, तितकी कोळंबी मोठी. २१/२५ म्हणजे १८ ते २१ ग्रॅमचा नग, ६१/७० म्हणजे जेमतेम ७ ग्रॅमचा. या पदार्थाला ३१/४० सर्वांत सोयीची. ६१/७० चा बाहेरचा भाग लालसर होईपर्यंत आतला भाग वातड झालेला असतो, कारण एवढ्याशा नगाला रंग येण्यापुरता वेळच मिळत नाही. २१/२५ दिसायला रुबाबदार आणि खायलाही छान, पण महाग, आणि तिची दुसरी बाजू धीराने शेकावी लागते. काही पाकिटांवर नुसतं ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ छापलेलं असतं. या शब्दांना काही अर्थ नाही. एकाचं मीडियम दुसऱ्याचं स्मॉल असतं. पाकीट पारदर्शक असेल तर नग मोजावेत: २०० ग्रॅममध्ये १४ ते १७ बसले तर ती ३१/४०.

रंगही बघून घ्यावा. करडी-राखाडी दिसते ती कच्ची, तीच हवी. गुलाबी-केशरी दिसते ती आधीच उकडलेली. तव्यावर गेल्यावर ती दुसऱ्यांदा शिजते आणि खोडरबर होते. सॅलडमध्ये टाकायला ठीक आहे.

पाकीट हलवून पाहणं ही सगळ्यांत स्वस्त परीक्षा. नग सुटे सुटे गोठवलेले असतात, त्यामुळे आतून खडखड आवाज यायला हवा. सगळा गठ्ठा एकमेकांना चिकटून विटेसारखा झाला असेल, तर तो माल वाटेत कुठेतरी वितळून परत गोठला आहे: दुकानाची वीज गेली असेल, टेम्पोत उन्हात राहिला असेल, नाहीतर घरपोच देणाऱ्याच्या पिशवीत तासभर फिरला असेल. तो परत करावा. वितळून गोठलेल्या कोळंबीच्या मांसातले बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फोडतात, आणि पॅनमध्ये पडल्यावर ती सगळं पाणी सोडून देते. नगांवर पांढरे कोरडे डाग असतील तर माल जुना किंवा उघडा पडलेला. असा नग शिजल्यावर कापसासारखा लागतो.

आता मुख्य मुद्दा, पाण्याचा. पाकिटात ते दोन वाटांनी येतं. पहिली वाट बाहेरची. गोठवलेल्या नगावर बर्फाचा पातळ थर चढवतात. त्याला या धंद्यात ग्लेझ म्हणतात. ही लबाडी नव्हे. या थरामुळेच कोळंबी फ्रीझरमध्ये सुकत नाही. लबाडी होते ती थर जाड करून तोही वजनात धरला की. पाकिटावर ‘ग्लेझ वगळून निव्वळ वजन’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर उत्तम. नसेल तर पहिलं पाकीट घरी चाळणीत वितळू द्यावं, पाणी निथळू द्यावं आणि उरलेली कोळंबी काट्यावर ठेवावी. २५० ग्रॅमच्या पाकिटातून २०० ग्रॅम निघाली, तर छापील किमतीला ०.८ ने भागा. तो तुमचा खरा भाव. दोन पाकिटांची तुलना याच भावाने करायची. वरकरणी स्वस्त दिसणारं पाकीट या हिशेबात कित्येकदा महाग निघतं.

दुसरी वाट आतली, आणि ती जास्त त्रासदायक. घटक पदार्थांच्या ओळीत ‘पाणी, मीठ, आयएनएस ४५१’ किंवा ‘४५२’ दिसलं (आयएनएस म्हणजे अन्नात घातलेल्या मिश्रकाचा क्रमांक) तर कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात भिजवलेली आहे. फॉस्फेट मांसाला पाणी धरून ठेवायला लावतं. थोड्या प्रमाणात त्याने कोळंबी रसदार राहते, हे खरं. जास्त झालं की वजन फुगतं, कच्चा नग बुळबुळीत आणि काचेसारखा दिसतो, शिजल्यावरही पुरता पांढरा होत नाही, आणि चावताना मांसाऐवजी जेली कचकचल्यासारखी वाटते. पॅनमध्ये पांढरट फेसही दिसतो. सगळ्यांत चांगली घटकांची ओळ एकाच शब्दाची: कोळंबी. अशी पाकिटं मिळतात, थोडी महाग असतात, पण लसूण-बटरसाठी तोच फरक मोलाचा. आयएनएस २२३ दिसलं तर ते सल्फाइट, कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून वापरलेलं. दम्याच्या काही रुग्णांना ते सोसत नाही, त्यांनी ही ओळ न वाचता पाकीट घेऊ नये.

शेपटीसकट घ्यावी की बिनशेपटीची? दिसण्यासाठी आणि हाताने उचलून खाण्यासाठी शेपटीची. भातावर किंवा पास्त्यात घालायची असेल तर बिनशेपटीची, नाहीतर प्रत्येक घासाला ताटाच्या कडेला कचऱ्याची रांग लागते. आणखी एक: ‘दोरा काढलेली’ असं लिहिलेलं असलं तरी शेपटीजवळच्या शेवटच्या पेरात दोरा राहून जातो. उजेडात धरून बघावं आणि सुरीच्या टोकाने काढावा. दोन मिनिटांचं काम आहे, पण त्यावाचून दातांखाली वाळू येते.

वितळवणं. रात्री पाकीट फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीत आणि चाळणीखाली वाडगं ठेवून सोडलं तर सकाळपर्यंत काम झालेलं असतं. विसरलात तर नग बंद पिशवीत घालून गार पाण्यात बुडवा, दहा मिनिटांनी पाणी बदला; ३१/४० वीस मिनिटांत मोकळी होते. उघडी कोळंबी थेट पाण्यात टाकू नये, ती पाणी पिते. गरम पाणी आणि मायक्रोवेव्ह तर नकोच: कडा शिजतात आणि मध्यभागी बर्फ राहतो. वितळलेली परत गोठवायची नाही.

यानंतरची पायरी लोक सर्रास गाळतात, आणि पदार्थ तिथेच पडतो. कोळंबी कोरडी करायची. स्वच्छ सुती फडक्यावर किंवा टिश्यूवर एका थरात पसरा, वरून दुसरं फडकं दाबा, आणि जमलं तर दहा मिनिटं फ्रिजमध्ये तशीच उघडी ठेवा. ओला नग तव्यावर पडला की आधी ते पाणी उकळतं, आणि पाणी असेपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. शेकून तांबूस होण्यासाठी लागतात दीडशेच्या आसपास. म्हणजे कोळंबी उकडते आणि तुम्ही ती परतता आहात असं समजत राहता.

पाकीट बिनफॉस्फेटचं असेल तर कोरडी केलेल्या २०० ग्रॅमला चिमूटभर खाण्याचा सोडा आणि दोन चिमटी मीठ चोळून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी. मांस टच्च राहतं आणि लवकर तांबूस होतं. सोडा चिमटीपेक्षा वाढला की साबणाची चव येते. फॉस्फेटच्या पाकिटाला हे करू नये. तिथे तेच काम आधीच, आणि जास्तच, झालेलं असतं.

दोघांसाठी: निथळलेली कोळंबी २०० ते २२० ग्रॅम. तेल दोन चहाचे चमचे. बटर ४० ग्रॅम, त्यातलं १० ग्रॅम लसणासाठी आणि ३० ग्रॅम शेवटी, तेही फ्रिजमधून काढलेलं थंड आणि तुकडे केलेलं. गावठी लसणाच्या १२-१५ पाकळ्या, जाड्या संकरित लसणाच्या असतील तर ७-८. भरड मिरपूड अर्धा चहाचा चमचा, तिखट हवं तर तेवढेच चिलीफ्लेक्स. अर्ध्या लिंबाचा रस. मूठभर कोथिंबीर, पार्सली मिळाली तर ती.

मीठ या यादीत मुद्दामच नाही. आपल्याकडचं पिवळं टेबल बटर खारट असतं. त्यात तीन टक्क्यांपर्यंत मीठ चालतं, म्हणजे ४० ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅमपर्यंत, चहाचा पाव चमचा भरायला थोडंसं कमी. शिवाय फॉस्फेटच्या कोळंबीत मीठ आधीच मुरलेलं. चव शेवटी बघावी. पांढरं लोणी किंवा बिनमिठाचं बटर वापरलं तरच मीठ घालावं. ‘गार्लिक बटर’ नावाने मिळणारे तयार डबे घ्यायचे असतील तर मागची ओळ वाचा. त्यातले काही बटर नसून वनस्पती तेलाचे स्प्रेड असतात आणि त्यांचा रस नीट आळत नाही.

लसूण सुरीने बारीक चिरावा. ठेचलाही चालेल, पण ठेचलेला लवकर करपतो. तयार आलं-लसूण पेस्ट इथे अजिबात चालत नाही: तिच्यात पाणी आणि आम्ल असतं, ती तळाला चिकटते आणि तिचा उग्र वास बटरला मारतो. चिरलेला लसूण लिंबाच्या रसात आधीपासून घालून ठेवू नका, कधीकधी तो हिरवट-निळा पडतो. खायला धोका नाही, पण पानात बघवत नाही.

भांडं रुंद हवं. २८ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये २०० ग्रॅम एका थरात मोकळेपणाने बसते. २४ चं असेल तर दोन खेपा करा. बिडाचा तवा उत्तम, जाड बुडाचं स्टील चांगलं, नॉनस्टिक चालतं पण ते रिकामं कडकडीत तापवू नये, तेल घालूनच तापवावं. खोलगट कढई टाळा. नग बुडाशी गोळा होतात आणि एकमेकांच्या वाफेवर शिजतात.

मध्यम-मोठ्या आचेवर दोन मिनिटं भांडं तापवा. तेल घाला, ते लगेच पातळ होऊन पळायला लागलं की नग एकेक करून घड्याळाच्या क्रमाने मांडा, म्हणजे जो आधी पडला तो आधी उलटता येतो. या टप्प्याला बटर नाही. बटरमधला दुधाचा घन भाग एवढ्या आचेला करपून काळे ठिपके धरतो. ३१/४० ची पहिली बाजू ७५ ते ९० सेकंद. हलवू नका, ढकलू नका. कडा गुलाबी होत वर सरकताना दिसतात. अर्ध्याच्या वर आल्या की उलटा. दुसरी बाजू फक्त ३० सेकंद, आणि लगेच ताटलीत काढा. मध्यभागी किंचित राखाडी उरलेलं असतानाच काढायची, कारण उरलेलं काम तिच्या स्वतःच्या उष्णतेने होतं आणि रसात परत पडल्यावर पुरं होतं. आकार बघावा: नग ‘सी’सारखा वळला की झाला, वळून बंद गोल झाला की गेला. पाकिटातल्या कोळंबीला पाठीवर आधीच चीर असते, म्हणून ती लवकर वळते आणि लवकर शिजते. सालासकट शेकायच्या कोळंबीच्या पाककृतीतल्या वेळा तिला लावू नयेत.

आच मंद करा आणि भांडं अर्धं मिनिट निवू द्या. १० ग्रॅम बटर, ते वितळलं की लसूण, मिरपूड, चिलीफ्लेक्स. ४५ सेकंद ते एक मिनिट. कच्चा, डोळ्यांत जाणारा वास जाऊन गोड वास आला आणि कडा फिक्या सोनेरी झाल्या की थांबा. तपकिरी लसूण कडू असतो, आणि एकदा करपला की लिंबाने, साखरेने, कशाने भरून येत नाही. पुसून पुन्हा सुरुवात करावी. लसणावर लगेच दोन मोठे चमचे पाणी आणि ताटलीत जमलेला कोळंबीचा रस घाला आणि तळाला चिकटलेला तांबूस थर उलथन्याने खरवडून घ्या. चव तिथे साठलेली असते. अर्धं पाणी आटलं की गॅस बंद.

आता ३० ग्रॅम थंड बटर तुकड्यातुकड्याने घालत भांडं गोल फिरवा. थंड बटर हळूहळू वितळताना पाण्याशी एकजीव होतं आणि रस दाटसर, चकचकीत, नगाला धरून राहणारा होतो. गॅस चालू ठेवून तेच बटर घातलं तर ते फुटतं: वर पिवळं तूप, खाली पाणी. तसं झालं तर घाबरू नका, एक चमचा पाणी घालून जोरात फिरवा, बहुतेक वेळा जुळून येतं. मग कोळंबी, लिंबू, कोथिंबीर, दोनदा उलटसुलट, आणि पानात. लिंबू गॅसवर असताना घातलं तर त्याचा ताजा वास उडून जातो.

नग भांड्यात पडताच पाणी सुटलं आणि तळाशी डबकं झालं, तर तशीच शिजवत बसू नका. कोळंबी बाहेर काढा, पाणी मोठ्या आचेवर आटवून घ्या, कोळंबी पुन्हा पुसा आणि उरलेल्या सेकंदांपुरती परत टाका. तांबूसपणा येणार नाही, पण वातड तरी होणार नाही. शिजताना वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा घटणं कोळंबीचा स्वभावच आहे. अर्ध्यावर आली तर दोष पाकिटाचा, आणि ते पाकीट पुन्हा घेऊ नये.

सोबतीला लादीपाव त्याच भांड्यात उरलेल्या रसावर शेकून घ्यावा. गोव्यात असाल तर पोई, तिच्या पोकळीत रस बसतो. भाताशी खायचं असेल तर रसासाठी पाणी दोनऐवजी चार चमचे घाला. मुंबईत या चवीचा शौक फोर्टातल्या मंगळुरी हॉटेलांनी वाढवला, त्रिश्नाच्या बटर-पेपर-गार्लिक खेकड्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. तसं हवं असेल तर मिरपूड दुप्पट करा आणि चिलीफ्लेक्स गाळा.

मग बाजारातली ताजी कोळंबी कधी घ्यावी? कोळीणबाईंच्या टोपलीत दर्याची पांढरी किंवा टायगर कोळंबी असेल, डोकं घट्ट चिकटलेलं, साल चकचकीत आणि वास नुसता समुद्राचा असेल, तर पाकिटाने तिच्याशी स्पर्धा करू नये. शिवाय सालं आणि डोकी हाती लागतात: ती त्याच १० ग्रॅम बटरमध्ये पाच मिनिटं मंद आचेवर परतून, चेपून, गाळून घेतली की लसूण-बटर वेगळ्याच उंचीला जातं. पाकिटवाल्यांना हे कधीच मिळणार नाही. पण डोकं काळवंडलेलं, लोंबतं, अमोनियाचा झणका असेल तर ताजीच्या नावाखाली शिळी घेण्यापेक्षा फ्रीझर बरा. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत टोपलीत ‘ताजी’ म्हणून येणारी मोठी कोळंबी बऱ्याचदा शेतीतली किंवा बर्फातून आलेलीच असते. दोन्हीकडे वन्नामेईच मिळणार असेल तर सोललेली घेतलेली बरी.

साठवणीबद्दल एक सावधगिरी. पाकिटावरची तारीख उणे १८ अंशांसाठी असते. एकदारी फ्रिजचा वरचा बर्फाचा कप्पा बऱ्याचदा तितका थंड होत नाही, शिवाय दार दिवसातून वीस वेळा उघडतं. तिथे ठेवलं असेल तर दोन-तीन आठवड्यांत संपवा. अर्धं पाकीट वापरायचं असेल तर लागतील तेवढेच नग गोठलेले असतानाच काढा, पिशवीतली हवा दाबून बाहेर घालवा आणि तोंड घट्ट बांधा. शिजलेली उरली तर दुसऱ्या दिवशी गरम करू नका, थंडच चिरून मेयॉनेज आणि चिरलेल्या कांद्याबरोबर पावात घाला.